मोजले नाही म्हणून वाटा नाही!

एकाच जिल्हा परिषदेची निवडणूक दोन तुकड्यांत झाली, हा प्रकार भंडारा जिल्ह्याने पाहिला आहे. २१ डिसेंबर २०२१ रोजी भंडारा जिल्हा परिषदेच्या ५२ पैकी ३९ गटांत मतदान झाले. उरलेले १३ गट बाजूला काढून ठेवण्यात आले आणि तेथे १८ जानेवारी २०२२ रोजी मतदान झाले. दोन्ही वेळची मते १९ जानेवारीला एकदमच मोजण्यात आली. शेजारच्या गोंदिया जिल्हा परिषदेतही तसेच झाले आणि मोहाडी, लाखनी, लाखांदूर या नगरपंचायतींतही तसेच झाले.

हे १३ गट कोणाचे होते? ते नागरिकांच्या मागासवर्गाचे, म्हणजे ओबीसींचे होते. अर्ज भरायला सुरुवात झाली तेव्हा त्यांच्यावर ओबीसींचे आरक्षण होते. ६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या जागांच्या निवडणुकीला स्थगिती दिली. १५ डिसेंबरला न्यायालयाने सांगितले की, या जागा सर्वसाधारण म्हणून जाहीर करा आणि निवडणूक घ्या. महिनाभरात १३ गटांवरची पाटी बदलली. ज्यांच्या नावाने जागा राखली होती, त्यांच्या नावाचा कागद न्यायालयात सापडला नाही, एवढेच त्याचे कारण!

या घटनेला आता काही वर्षे लोटली. त्यानंतर अनेक आदेश आले, आयोग आले, अध्यादेश आले. परंतु तेव्हा जो प्रश्न भंडाऱ्याच्या मातीत उभा राहिला, तोच आज साऱ्या महाराष्ट्राच्या स्थानिक स्वराज्य संस्थांपुढे उभा आहे. म्हणून त्याची मुळापासून मांडणी करणे आम्हाला आवश्यक वाटते.

प्रथम घटना काय म्हणते ते पाहू. १९९२ साली ७३ वी आणि ७४ वी घटनादुरुस्ती झाली आणि १९९३ साली ती अमलात आली. तिने पंचायती आणि नगरपालिकांना घटनेत स्थान दिले. अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात जागा दिल्याच पाहिजेत, असा दंडक घातला. स्त्रियांना किमान एक तृतीयांश जागा दिल्या. पुढे २०११ साली महाराष्ट्राने त्या निम्म्यावर नेल्या. परंतु ओबीसींच्या बाबतीत घटनेने वेगळी भाषा वापरली. इतर मागासवर्गीयांना आरक्षण द्यायचे की नाही, हे राज्याच्या विधिमंडळावर सोपवले. महाराष्ट्राने १९९४ साली कायद्यात २७ टक्के लिहिले आणि विषय संपला असे समजून सगळे निवांत झाले.

विषय संपला नव्हता. ११ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने के. कृष्णमूर्ती खटल्यात निकाल दिला. शिक्षणातले आणि नोकरीतले मागासलेपण वेगळे आणि राजकारणातले मागासलेपण वेगळे, असे न्यायालयाने म्हटले. या निकालावरूनच पुढे ‘तिहेरी कसोटी’ हा शब्द रूढ झाला. पहिली कसोटी अशी की, राज्याने स्वतंत्र आयोग नेमून प्रत्येक स्थानिक संस्थेतल्या मागासलेपणाची माहिती गोळा करावी. दुसरी अशी की, त्या माहितीवरून त्या त्या संस्थेपुरते आरक्षणाचे प्रमाण ठरवावे. तिसरी अशी की, अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसी मिळून आरक्षण ५० टक्क्यांच्या वर जाऊ नये.

हा निकाल २०१० चा आहे. त्यानंतर महाराष्ट्रात काँग्रेस-राष्ट्रवादीचे सरकार होते, मग भाजप-शिवसेनेचे आले, मग महाविकास आघाडीचे आले. एकाही सरकारने आयोग नेमून माहिती गोळा केली नाही. दहा वर्षे हा निकाल फायलीत पडून राहिला. निवडणुका होत राहिल्या, ओबीसींच्या नावाने मते मागितली जात राहिली, मेळावे भरत राहिले; मात्र त्यांची मोजणी करण्याचे काम कोणीही केले नाही. अखेर ४ मार्च २०२१ रोजी विकास गवळी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जिल्हा परिषद कायद्यातल्या २७ टक्क्यांच्या तरतुदीला कात्री लावली. वाशीम, अकोला, नागपूर, धुळे, नंदुरबार येथे ओबीसी जागांवर निवडून आलेल्या सदस्यांना अर्ध्या मुदतीत घरी जावे लागले.

त्यानंतर राज्य सरकारला जाग आली. अध्यादेश काढला गेला की, ५० टक्क्यांच्या मर्यादेत राहून २७ टक्क्यांपर्यंत आरक्षण देऊ. पण माहिती कोठे आहे? ती नव्हतीच. केंद्र सरकारकडे २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जातनिहाय पाहणीची आकडेवारी पडून होती. महाराष्ट्राने ती मागितली. केंद्राने सांगितले की, ती सदोष आहे, देता येणार नाही. महाराष्ट्राची याचिका १५ डिसेंबर २०२१ रोजी फेटाळली गेली. ज्या दिवशी भंडाऱ्याच्या १३ जागा सर्वसाधारण करण्याचा आदेश झाला, तोच हा दिवस! एकीकडे केंद्र म्हणते आकडे देणार नाही, दुसरीकडे न्यायालय म्हणते आकड्यांशिवाय जागा देणार नाही. या दोन दगडांमध्ये ओबीसी समाज भरडला गेला.

आता भंडाऱ्याचा हिशेब मांडून पाहू. आमच्या वाचकांनी तो कागदावर मांडावा, कारण आकडे समजले तरच राजकारण समजते. २०११ च्या जनगणनेप्रमाणे जिल्ह्याची लोकसंख्या १२ लाख ३३४ आहे. त्यात अनुसूचित जाती सुमारे १७ टक्के आणि अनुसूचित जमाती ७ टक्क्यांच्या आसपास आहेत. ५२ जागांमध्ये या प्रमाणाने ढोबळमानाने ९ आणि ४, म्हणजे १३ जागा होतात. ५० टक्के म्हणजे २६ जागा. २६ मधून १३ वजा केल्या की उरतात १३. कुणबी, तेली, पोवार, कोहळी, ढिवर, गोवारी अशा असंख्य जातींचा जो समाज या जिल्ह्यात गावोगाव पसरला आहे, त्याच्या वाट्याला उरलेल्या १३ जागा येतात. त्याची संख्या किती, हे कोणी मोजलेले नाही. म्हणजे ओबीसींचा वाटा त्यांच्या संख्येवरून ठरत नाही. आधीच्यांना दिल्यावर ५० च्या आत जे उरेल, तो त्यांचा वाटा!

येथेच एक विषारी प्रचार सुरू होतो. ‘एससी-एसटीमुळे तुमच्या जागा गेल्या,’ असे ओबीसी तरुणाच्या कानात सांगितले जाते. हा प्रचार धादांत खोटा आहे. अनुसूचित जाती-जमातींना त्यांच्या लोकसंख्येएवढ्याच जागा मिळतात, एकही जास्त नाही. ओबीसींच्या जागा कमी होतात त्या ५० टक्क्यांच्या भिंतीमुळे. त्या भिंतीच्या पलीकडे ज्या २६ जागा मोकळ्या राहतात, त्यांच्याकडे कोणी बोट दाखवत नाही. भांडण मात्र भिंतीच्या अलीकडे, वंचितांमध्येच लावून दिले जाते.

आणि ही भिंत खरेच दगडाची आहे काय? ७ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आर्थिक दुर्बल घटकांचे १० टक्के आरक्षण तीन विरुद्ध दोन मतांनी वैध ठरवले. त्या आरक्षणातून अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसी यांना वगळले आहे. ५० टक्क्यांची मर्यादा अगदीच न वाकणारी नाही, असे त्या वेळी बहुमताने म्हटले गेले. तो विषय शिक्षणाचा आणि नोकऱ्यांचा होता, स्थानिक संस्थांचा नव्हता, हे आम्ही जाणतो. तरीही सामान्य माणसाच्या मनात प्रश्न येणारच. उच्चवर्णीय गरिबांसाठी जी रेषा वाकते, ती साकोलीच्या ओबीसी स्त्रीसाठी का वाकत नाही?

जागा सर्वसाधारण झाली म्हणून ओबीसी उमेदवाराला कोणी अडवले नव्हते, असेही सांगितले जाते. खरे आहे. ज्यांच्याकडे शेती आहे, पैसा आहे, पक्षाचे तिकीट आहे, असे ओबीसी खुल्या जागेवरही निवडून येतात. परंतु स्थानिक संस्थांमधला ‘नागरिकांचा मागासवर्ग’ म्हणजे केवळ मोठ्या शेतकरी जाती नव्हेत. त्यात भटके-विमुक्त येतात, विशेष मागासवर्ग येतात. या जिल्ह्यातले बरेच माजी मालगुजारी तलाव जिल्हा परिषदेच्या ताब्यात आहेत आणि त्या तलावांतल्या मासळीवर ढिवर समाजाचे पोट आहे. तलाव कोणाला द्यायचा, गाळ कधी काढायचा, पाणी किती सोडायचे, हे ज्या सभागृहात ठरते, तेथे ढिवराचा माणूस बसला पाहिजे की नको? खुल्या जागेवर निवडणूक लढवण्याचा खर्च तो कोठून आणणार? आरक्षण गेले की पहिला फटका त्याला बसतो, मोठ्यांना नव्हे.

पुढचा इतिहास तर आणखी उद्वेगजनक आहे. मार्च २०२२ मध्ये विधिमंडळाने कायदा करून प्रभागरचनेचे अधिकार निवडणूक आयोगाकडून सरकारकडे घेतले. माजी मुख्य सचिव जयंतकुमार बांठिया यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. त्याने जुलै २०२२ मध्ये अहवाल दिला. मतदारयाद्यांतील आडनावांचा आधार घेऊन राज्यात ओबीसी ३७ टक्के असल्याचे त्यात म्हटले होते. आडनावावरून जात ओळखण्याची ही पद्धत! एकच आडनाव पाच जातींत सापडते, हे विदर्भातल्या कोणत्याही शाळामास्तरला ठाऊक आहे. तरीही २० जुलै २०२२ रोजी न्यायालयाने त्या अहवालाच्या आधारे निवडणुकांना वाट मोकळी करून दिली. लगेच आधीच्या संस्थांचे काय, वाढवलेल्या प्रभागांचे काय, असे वाद सुरू झाले आणि २२ ऑगस्ट २०२२ रोजी ‘जैसे थे’चा आदेश आला. ‘जैसे थे’ म्हणजे निवडणूक नाही. निवडणूक नाही म्हणजे प्रशासक.

घटना म्हणते, स्थानिक संस्थेची मुदत पाच वर्षे, त्याहून अधिक नाही. आणि मुदत संपण्याआधी नवी निवडणूक झाली पाहिजे. महाराष्ट्रात काय झाले? २०२५ च्या जानेवारीपासून राज्यातल्या ३४ पैकी ३२ जिल्हा परिषदांवर प्रशासक होते. निवडून आलेले सभागृह फक्त दोनच जिल्ह्यांत होते, भंडारा आणि गोंदिया. ज्या निवडणुकीत ओबीसींच्या जागा काढून घेतल्या गेल्या, तीच निवडणूक महाराष्ट्रातल्या ग्रामीण लोकशाहीची अखेरची खूण म्हणून उरली, हा केवढा विरोधाभास!

परंतु भंडाऱ्यातल्या शहरांचे नशीब वेगळे नव्हते. भंडारा, तुमसर, पवनी, साकोली या नगरपरिषदांची निवडणूक २०१६ च्या डिसेंबरात झाली होती. त्यानंतरची निवडणूक २०२५ च्या डिसेंबरात झाली. मध्ये नऊ वर्षे गेली. पाच वर्षांची मुदत सरल्यावर नाली, नळ, दिवाबत्ती, सफाई कामगारांचे प्रश्न, दलित वस्तीचा निधी, सगळे एका अधिकाऱ्याच्या सहीवर चालले. अधिकारी चांगलाही असेल. पण त्याला मत मागायला वस्तीत यायचे नसते. नगरसेवकाच्या दारात रात्री दहा वाजता जाऊन भांडता येते. प्रशासकाच्या दारात शिपाई उभा असतो. ज्याची ओळख आहे त्याचे काम प्रशासकाच्या काळातही होते. ज्याच्याकडे फक्त मत आहे, त्याचे मतच निकामी होते. म्हणून प्रशासकाची राजवट ही वंचितांच्या विरोधातली राजवट असते, असे आम्ही म्हणतो.

६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की, चार महिन्यांत निवडणुका घ्या आणि ओबीसी आरक्षण बांठिया अहवालापूर्वी होते तसे ठेवा. नंतर ३१ जानेवारी २०२६ पर्यंत मुदत वाढवून दिली. नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने पुन्हा बजावले की, ५० टक्क्यांची मर्यादा ओलांडू नका. ज्या ५७ नगरपरिषदा-नगरपंचायतींत ती ओलांडली गेली होती, त्यांचे निकाल अंतिम निवाड्याच्या अधीन राहतील, असे सांगितले. फेब्रुवारी २०२६ मध्ये मर्यादेत बसणाऱ्या १२ जिल्हा परिषदांचे मतदान झाले. त्यात विदर्भातली एकही नव्हती. का नव्हती, याचे उत्तर वरच्या भंडाऱ्याच्या हिशेबात आहे. जेथे अनुसूचित जाती आणि जमाती दोन्ही मोठ्या संख्येने आहेत, तेथे ओबीसींचे २७ टक्के मिळवले की बेरीज ५० च्या वर जाते. म्हणजे जेथे वंचित अधिक, तेथे निवडणूक उशिरा!

या प्रश्नात आंबेडकरी माणसाने का पडावे, असे कोणी विचारील. उत्तर बाबासाहेबांनी देऊन ठेवले आहे. १९३२ साली मुंबई कायदे मंडळात ग्रामपंचायत विधेयक आले, तेव्हा अस्पृश्यांना राखीव प्रतिनिधित्व नसलेल्या पंचायतीला त्यांनी कडाडून विरोध केला. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना त्यांनी खेड्याचे खरे रूप दाखवले. गावात सत्ता दिली आणि वाटा दिला नाही, तर ती सत्ता जातीचीच होते, हे त्यांना पक्के ठाऊक होते. ओबीसींसाठी घटनेत ३४० वे कलम आले आणि १९५१ साली मंत्रिपदाचा राजीनामा देताना, मागासवर्गीयांसाठी आयोग नेमला नाही, ही तक्रार बाबासाहेबांनीच मांडली. ओबीसींची बाजू घेणे ही आमच्यासाठी आजची सोय नव्हे, तो आमचा वारसा आहे.

आणि भंडाऱ्याला तर हे विशेष आठवले पाहिजे. १९५४ साली याच भंडारा मतदारसंघातून बाबासाहेब लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि पराभूत झाले. ज्या माणसाने देशाला प्रौढ मताधिकार देणारी घटना लिहिली, त्याला निवडून देण्याएवढी मते येथे जमली नाहीत. एकट्याच्या मतांवर विजय मिळत नाही, आणि इतर समाज सोबत आला नाही तर थोरातला थोर माणूसही हरतो, हा भंडाऱ्याचा धडा आहे. ओबीसी बांधवांनीही तो वाचावा. आरक्षण म्हणजे ‘त्यांची’ गोष्ट, असे समजून जे आजवर दूर उभे राहिले, त्यांचेच आरक्षण एका कागदाअभावी महिनाभरात गेले.

मग करायचे काय? नुसता निषेध करून भागणार नाही. केंद्र सरकारने ३० एप्रिल २०२५ रोजी जनगणनेत जातीची नोंद करण्याचा निर्णय घेतला आणि १ मार्च २०२७ ही त्या जनगणनेची संदर्भ तारीख जाहीर केली. भंडारा जिल्हा परिषदेचे २०२२ साली स्थापन झालेले सभागृहही २०२७ मध्येच पाच वर्षे पूर्ण करते. गणना आणि निवडणूक एकाच वर्षात येऊन ठेपल्या आहेत. गणनेचे आकडे गट, गण आणि प्रभागवार वेळेत प्रसिद्ध झाले नाहीत, तर पुन्हा तोच खेळ, पुन्हा तीच स्थगिती. म्हणून आतापासून मागणी झाली पाहिजे की, आकडे दडपू नका. २०११ च्या पाहणीचे जे झाले ते पुन्हा होऊ देणार नाही, असे सरकारला ठणकावले पाहिजे.

आपल्या घरातही जागे राहावे लागेल. अनुसूचित जातींच्या जागा जनगणनेतल्या संख्येवरून ठरतात. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती लागू झाल्या; पण धर्म बौद्ध सांगून जातीचा रकाना कोरा ठेवला, तर तो माणूस अनुसूचित जातीत मोजला जात नाही. जात लिहावी की नाही, यावर चळवळीत दोन मते आहेत आणि दोन्हींमागे प्रामाणिक भावना आहे. परंतु कोऱ्या रकान्याची किंमत गटाच्या आणि प्रभागाच्या जागेत मोजावी लागते, हे माहीत असूनच प्रत्येकाने निर्णय घ्यावा.

प्रभागरचनेचा मसुदा जाहीर होतो तेव्हा हरकती घेण्यासाठी थोडेच दिवस मिळतात. आपली वस्ती दोन प्रभागांत चिरली जाते आणि आपल्याला निवडणुकीच्या दिवशी कळते. प्रत्येक गावात, प्रत्येक वॉर्डात दोन-चार शिकलेल्या मुलांनी हा मसुदा वाचण्याचे काम अंगावर घ्यावे. जिल्हा परिषदेने स्वतःच्या उत्पन्नाचे २० टक्के मागासवर्गीयांवर खर्च करायचे असतात. त्याचा हिशेब माहितीच्या अधिकारात मागावा. अनुसूचित जातीच्या, जमातीच्या आणि ओबीसींच्या मुलांनी हे काम एकत्र बसून करावे. एका टेबलावर तिघांचे आकडे आले की, कोणी कोणाची जागा खाल्ली, या खोट्या भांडणाचा निकाल तेथेच लागेल.

१३ जागांची पाटी बदलली गेली, तेव्हा मोर्चे निघाले, पुतळे जळले, पुढाऱ्यांची भाषणे झाली. पण न्यायालयाने मागितला होता तो कागद, आणि तो कोणाकडेच नव्हता. २०२७ मध्ये तोच प्रश्न पुन्हा विचारला जाईल. त्या वेळी आपल्या हातात आकडा असला पाहिजे.